भरतीआधीचा सामना

माझ्या डायरीत या सहा दिवसांना इंग्रजी तारखा होत्या. परत आल्यावर मी त्या खोडल्या आणि पंचांग पाहून तिथी लिहिल्या. तिथीने दिवस ओळखण्याची मला सवय नाही. शाळा मिशनची, घरातले कॅलेंडर विलायती, आणि आईची संकष्टी सोडली तर चंद्राकडे पाहण्याचे आमच्या घरात कुणाला काम पडत नाही. पण हा प्रवास तारखांवर चाललाच नाही.

आमचे कॉलेज लहान आहे. व्हॉलीबॉलचे मैदान एक, जाळी एक, चेंडू दोन. मुलांचा संघ जुना. मुलींचा खेळ दोन वर्षांपूर्वी लेलेबाईंनी सुरू केला. त्या आम्हाला इतिहास शिकवतात आणि साडीचा काष्टा मारून आमच्याबरोबर खेळतातही. आम्ही आठ जणी. मंगळवारी आणि शुक्रवारी, एका बाजूला तट्टे लावून, चार-चार जणींत आमचा डाव होतो. दिवाळीनंतर प्रिन्सिपॉलसाहेबांनी बाईंना बोलावले आणि अगदी सौम्यपणे सांगितले की, ज्या खेळाला चारचौघांत तोंड दाखवता येत नाही त्याच्यासाठी मैदान अडवून ठेवणे त्यांना पटत नाही. नाताळात मुलांचा संघ कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सामने खेळायला जातो आहे; मुलींनीही जावे. तिथे लोकांसमोर एक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळावा, आणि तो पाहिलेल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने तसे दोन ओळींत लिहून द्यावे. तसे झाले तर मुलींचे दोन दिवस राहतील. नाहीतर सुट्टीनंतर मैदान सगळे दिवस मुलांचे.

मला त्या दोन दिवसांचे काय होते, ते सांगते. मी फारशी बोलत नाही. वर्गात इंग्रजी बोलताना चूक होत नाही, पण आवाज निघत नाही. मराठीत आवाज निघतो तर शब्द पुस्तकातले येतात, आणि मुली हसतात. मैदानावर मला कुणी काही विचारत नाही. चेंडू येतो, तो वर द्यायचा. आमची कॅप्टन वत्सला म्हणते, "कुमुद, निदान 'माझा' एवढं तरी ओरडत जा, नाहीतर एक दिवस डोकी फुटतील दोघींची." तेवढेही मला जमत नसे. पण तिथे असताना मी कुणीतरी असते, असे मला वाटे.

एकादशी. रेवदंडा

लाँच आणि मोटार यांविषयी लिहीत नाही. हाडे खिळखिळी झाली, एवढे पुरे.

सामना समुद्रावर होता. ओल्या वाळूचा पट्टा पार लांबवर पसरलेला, टेनिसच्या मैदानासारखा सपाट आणि टणक. कर्णिकांनी दोरीने मापे घेऊन काठीने रेघा ओढल्या आणि वासे ठोकून जाळी बांधली. कर्णिक म्हणजे मुलांचे कॅप्टन आणि खेळांचे सेक्रेटरी. हे त्यांचे शेवटचे वर्ष. माणूस सभ्य, कामसू. कुणाची बॅग उचलायची राहिली तर तीही उचलणार. त्यांनी आम्हाला, म्हणजे सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या मला, नीट समजावून सांगितले, "आधी आमचा सामना होऊ द्या, मिस प्रधान. लोक जमतील, रंग चढेल, मग तुमचा." वाईट हेतू काहीच नव्हता. आधी मुले आणि मग मुली, हा क्रम त्यांनी ठरवलेला नव्हताच. तो असतो.

तीनला सुरू झालेला सामना पाच डावांपर्यंत गेला. गावची मुले अनवाणी खेळत होती आणि आमच्या मुलांपेक्षा उंच उड्या मारत होती. आम्ही आठ जणी काष्टे आवळून, तयार होऊन, सावलीचा पत्ता नसलेल्या वाळूवर दीड-दोन तास बसलो. मागे टोपल्या टेकून चार-पाच कोळणी उभ्या होत्या. त्या खेळाकडे पाहत नव्हत्या. एकदा समुद्राकडे, एकदा आमच्याकडे पाहून आपसात हसत होत्या.

पाचवा डाव संपला तेव्हा मागची रेघ पुसली गेली होती. आम्ही उठून उभ्या राहीपर्यंत पाणी जाळीखालून निघाले. एक वासा हळूच कलला आणि आडवा झाला. सरावासाठी ठेवलेला चेंडू लाटेबरोबर निघाला, म्हणून मी गुडघाभर पाण्यात जाऊन तो आणला. त्या दिवशी मी खेळले ते एवढेच.

लेलेबाईंची एकादशी होती. त्यांनी संध्याकाळी रताळे सोलत शांतपणे म्हटले, "अजून तीन गावं आहेत." आमच्या पानांत बोंबलाचे कालवण होते, पण घासाघासाला दाताखाली वाळू येत होती. ती कालवणात नव्हती. आमच्याच तोंडात होती.

द्वादशी. चौल

चौलला आम्ही एका वाडीत उतरलो. यजमानांना सगळे नानासाहेब म्हणत. घराच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, मध्ये पाट, आणि विहिरीवर रहाट. आमच्याकडे दादरला नळ सोडला की पाणी येते, त्यामुळे पाण्याला आवाज असतो हे मी विसरले होते. इथे दिवसभर रहाट कण्हत होता, आणि तो थांबला की घर रिकामे वाटे.

मुलांचा सामना देवळापुढच्या मोकळ्या जागेत झाला. मुलींचे विचारल्यावर नानासाहेब म्हणाले, "खेळू द्या की. आमची ना नाही. पण परसात खेळा. पुरुष मंडळी ओटीवर बसतील, आमच्या बायका बघतील."

दोन पोफळींना जाळी बांधली. घरातल्या आणि शेजारच्या बायका नऊवारी आवरून पाटाच्या कडेला बसल्या, आणि डाव सुरू होण्याआधीच प्रश्न सुरू झाले. हात दुखत नाहीत का. आईला चालतं का. लग्न ठरलंय का, नाही तर का नाही. नानासाहेबांच्या आत्या सगळ्यांत वडील, त्यांनी दहा मिनिटे डोळे बारीक करून पाहिले आणि वत्सलाला विचारले, "चेंडू तुम्हाला हवाय की नकोय गो? आला की जी ती दुसरीकडे ढकलतेय. नको असेल तर ठेवा की खाली."

हसण्यात माझा हात चुकला. चेंडू पोफळीच्या खोडाला लागला आणि विहिरीत गेला. रहाटाच्या पोहऱ्यात तो येईना. येई आणि निसटे. शेवटी टोपली दोरीने सोडून काढला तेव्हा अंधारून आले होते आणि चेंडू पाणी पिऊन कलिंगडासारखा जड झाला होता. आत्यांनी तो रात्रभर चुलीजवळ वाळत ठेवला. सकाळी तो गोल राहिला नव्हता.

पत्राचे बाईंनी विचारले. नानासाहेब ओशाळले. "बाई, मी बघितलंच नाही. न बघितलेलं कसं लिहून देऊ? आणि आमच्या आत्यांनी बघितलं, तर त्यांना लिहिता येत नाही." बाईंनी मान डोलावली. पानात वालाचे बिरडे होते, तांदळाची भाकरी होती, सोलकढी होती. इतके चांगले जेवण मी इतक्या वाईट मनाने कधी जेवले नव्हते.

त्रयोदशी. रेवदंड्याची खाडी आणि बोर्ली पंचतन

पुढचा प्रवास आगबोटीचा. ती बाहेर समुद्रात उभी राहते आणि मचव्यातून तिच्यापर्यंत जावे लागते. मचवा खाडीच्या चिखलात कलून पडला होता. खलाशी त्याच्याच सावलीत विड्या ओढत बसले होते. कर्णिकांनी तीनदा विचारले, "कधी निघणार?" तीनदा उत्तर आले, "पानी आलं का निगू."

माझ्या शेजारी टोपल्यांवर बसलेली बाई परवाच्या कोळणींपैकीच होती. हिराबाय म्हणतात तिला. दिघीला लेकीकडे सुकट घेऊन चालली होती. नाकात मोठी नथ, आवाज असा की बोटीवर ऐकू जावा. तिने माझ्याकडे पाहिले आणि ओळखले.

"काय गो, चेंडूवाली ना तू? पान्यात घुसली व्हतीस ती?"

मी हो म्हटले.

"आमी बघत व्हतो. म्हटलं, यांचा खेल आता बुडतंय."

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं?" मी विचारले. मला वाटते, प्रवासात आपण होऊन विचारलेला माझा तो पहिलाच प्रश्न.

"ठाव नसाया काय झालं? एकादस व्हती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आमाला कुनी इचारलं?" ती म्हणाली आणि पान लावायला घेतले. त्यात टोमणा नव्हता. नव्हतेच विचारले कुणी.

मग तिने मला हिशेब शिकवला. तिला अंक लिहिता येत नाहीत. ती बोटांच्या पेरांवर करते. "तिथ धरायची, तिची पाऊनपट करायची. ती भरतीची येल. आज तेरस. तेराची पाऊनपट किती?"

मी इंग्रजी शाळेत अपूर्णांक शिकले. पावकी-निमकी मला येत नाही. मी मनात गुणाकार-भागाकार करीपर्यंत ती म्हणाली, "पावनेधा. घड्याल हाय ना हाताला? बघत बस."

मी बसले. वत्सला पलीकडे पदर तोंडावर घेऊन आडवी झाली होती. बोट नुसती दिसली तरी तिला मळमळते. "आता चंद्रावर घड्याळ लावणार का गं?" ती पदराआडून पुटपुटली. साडेनवाला मचवा चिखलातून हलला आणि सरळ झाला. पावणेदहाला पाणी पायरीशी येऊन थांबले आणि काडी टाकली तर तीही जागची हलेना. हिराबायने घड्याळाकडे पाहिलेही नाही.

"आन एकादशीला?" तिने परीक्षा घेतली.

"सव्वाआठ," मी म्हणाले. म्हणजे रात्री सव्वाआठची पूर्ण भरती, आणि आम्ही पाचला तिच्या वाटेत जाळी बांधून बसलेलो.

"शानी हायस. आता पुनवेचं ध्यानात ठेव. पुनवेला उधान. पानी लांब जातंय, आन येताना चालत न्हाय येत, धावत येतंय."

दिघीला आम्ही सगळ्याच उतरलो. जाताना तिने मूठभर सुकट माझ्या रुमालात बांधून दिली. पुढे गाडीत सुकटीच्या वासाने सगळ्या माझ्यापासून दूर सरकून बसल्या. मला जागा झाली.

बोर्लीला बाजाराचा दिवस होता. पेठेत मिरच्या, मडकी, गुळाच्या ढेपी, आणि त्यांच्यामधून वाट काढत आमच्या गाड्या. ज्यांच्या माडीवर उतरलो ते शेठ तीन पिढ्यांपासून इथले, तरी बोलण्यात गुजराथी टिकून. मैदान चांगले होते, लोकही जमले होते. मुलांचा सामना झाला. मग कर्णिक आम्हाला बोलवायला घाईघाईने माडी चढू लागले आणि जिन्यातच थांबले. लेलेबाईंना ताप भरला होता. आगबोटीतच त्यांचे अंग कसकसत होते, त्या बोलल्या नव्हत्या. त्या हजर असल्याशिवाय मुलींनी खेळायचे नाही, हा कॉलेजचा नियम. बाई उठून बसल्या, पुन्हा आडव्या झाल्या.

शेठनी ऐकले. भला माणूस. म्हणाले, "अरे बेन, एमां शूं, त्यात काय? मी लिहून देतो ना, पोरी रमल्या, खेळल्या, बहु सरस रमल्या. कोण पाहायला येतो?"

बाईंनी डोळे मिटूनच सांगितले, "नको शेठजी. खेळलो तरच लिहायचं."

मी त्यांच्या कपाळावर पट्टी बदलत होते. ते वाक्य मी पुढे दोन दिवस मनात घोळवले.

चतुर्दशी. हरिहरेश्वर

दिवसभर बैलगाडी. वाटेत श्रीवर्धनला दुपारी तासभर थांबलो. कर्णिक तिथल्या तरुणांच्या संघाला भेटून आले. उद्याचा शेवटचा सामना त्यांच्याशीच, हरिहरेश्वरच्या वाळूवर. मग पुन्हा चढ आणि उतार, आणि प्रत्येक उतारावर गाडीवानाचे "ह्यो बघा, आलंच". ते आले तेव्हा दिवस मावळला होता. अंग इतके आंबले होते की समुद्र दिसला तरी कुणी मान वळवली नाही.

आम्ही एका उपाध्यांकडे उतरलो. त्यांच्या घरच्या काकूंनी पाय धुवायला ऊन पाणी दिले, बाईंना काढा दिला, आणि आम्हाला पानावर बसवून सांगितले, "आज लवकर निजा हो. उद्या पुनव. उजाडताच प्रदक्षिणा करून घ्या. मग वाट मिळायची नाही."

मी विचारले, वाट का मिळणार नाही. दोन दिवसांत माझा हा तिसरा प्रश्न.

"प्रदक्षिणेची वाट समुद्रातून जाते ना," काकू म्हणाल्या. "डोंगराला वळसा घालून, कातळावरून. ओहोटी असली की देव वाट देतो. पुनवेला गावोगावची माणसं येतात. पहाटे निघतात नि आठाच्या आत वाळूवरून परततात. नवाला बघाल तर तिथं पाणी."

पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मी पानावर बसूनच बोटांची पेरे मोजली. भरती सव्वाअकराला, म्हणजे नवाच्या सुमारास पाणी अर्ध्यावर, आणि तेही उधाणाचे, धावणारे.

कर्णिक तेव्हा वासे मिळवायला बाहेर गेले होते. जेवणानंतर ओटीवर येऊन त्यांनी उद्याचा बेत सांगितला. ते समाधानात होते. "रेवदंड्याला संध्याकाळी ठेवून आपण फसलो. भरती संध्याकाळी येते. म्हणून या वेळी सकाळ. श्रीवर्धनकरांना आठची वेळ दिली आहे. आमचा सामना दहापर्यंत आटपेल. त्यानंतर मुलींचा, अगदी निवांत. हवा तेवढा वेळ."

सगळ्यांना ते पटले. मलाही चार दिवसांपूर्वी पटले असते. खाडीत सकाळी पाणी आलेले आम्ही पाहिले होते, पण ती खाडी; समुद्र रोज त्याच वेळी येतो, जशी कॉलेजची घंटा होते, असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. श्रीवर्धनच्या मुलांना कदाचित खटकले असेल. पण त्यांचा रोजचा खेळ गावातल्या मैदानावर, आणि मुंबईची माणसे सांगतात म्हणजे विचार करूनच सांगत असतील, असे त्यांना वाटले असावे.

मी तिथेच सगळे सांगू शकत होते. एक वाक्य पुरे होते. पण ते सांगितले तर काय होईल, हेही मला दिसत होते. कर्णिक आभार मानतील आणि वेळ बदलतील. संध्याकाळची ओहोटी पाचनंतरची. आधी मुलांचा सामना, मग अंधार. किंवा सकाळी लवकर मुलांचा सामना, मग पाणी. काहीही केले तरी क्रम तोच राहील, कारण तो कुणी ठरवलेलाच नव्हता. आणि खोलीत बाई कण्हत होत्या, आणि पुढे गाव उरले नव्हते.

मी उठून कर्णिकांजवळ गेले. वत्सला पाहत राहिली.

"आम्हाला आधी खेळू द्याल का?" मी म्हणाले. "उजाडताच."

"उजाडताच?" ते गोंधळले. "त्या वेळी कोण असणार बघायला?"

"चालेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "समजलं," ते हळू म्हणाले. "तुम्हाला गर्दी नको आहे. ठीक आहे, मिस प्रधान. जाळी मी पहाटे बांधून देतो."

लाजरेपणाने मला आजवर पुष्कळ अडवले आहे. त्या दिवशी प्रथमच तो माझ्या कामी आला, आणि मी तो येऊ दिला.

पौर्णिमा. तिथेच

पहाटे वाळू इतकी गार होती की तळवे बधिर झाले. समुद्र दिसतच नव्हता. फक्त लांबून आवाज. कर्णिकांनी शब्द पाळला. एकटेच वासे ठोकत होते. लेलेबाई घोंगडी पांघरून, उपाध्यांच्या पाटावर, रेघेच्या टोकाला येऊन बसल्या. ताप उतरला होता, त्या मात्र पिळून काढलेल्या कापडासारख्या दिसत होत्या.

पहिला डाव आम्ही कुणाहीसमोर खेळलो नाही. दुसऱ्या डावाला कातळाच्या टोकाकडून माणसे येऊ लागली. ओली धोतरे, हातांत नारळ, डोक्यावर पदर. कुणाच्या कडेवर मूल. प्रदक्षिणा आटोपून ती वाळूवरून देवळाकडे निघाली होती, आणि आम्ही त्यांच्या वाटेतच होतो. ती थांबली. एक म्हातारा मोठ्याने विचारत होता, "कसला नवस हाय ह्यांचा?" कुणीतरी म्हणाले, "नवस न्हाय, खेल हाय." "बायांचा?" "व्हय, बायांचा. गप बघ."

कुणी शिट्टी मारली नाही. कुणी वाहवाही केली नाही. माणसे उभी राहून पाहत होती, जशी ती मघाशी समुद्र पाहत असतील. तेवढ्या लोकांनी एकदम आपल्याकडे पाहिले तर मी मरेन, असे मला नेहमी वाटे. मी इतकी थकले होते की मरायलाही त्राण नव्हते. मी फक्त चेंडू पाहत होते, आणि अधूनमधून, चोरून, पाणी.

तिसऱ्या डावात बरोबरी असताना चेंडू वत्सलाच्या आणि माझ्या मध्ये उंच चढला. मी "माझा" म्हणाले. इतक्या मोठ्याने की वत्सला जागीच थांबली, आणि मीही जवळजवळ थांबले. मग मी तो वर दिला. पुढच्या चार गुणांत आमची बाजू हरली. पण सामना संपला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

गर्दीत ओले धोतर पिळत गावचे मास्तर उभे होते. बाईंनी त्यांना बोलावून सगळे सांगितले. ते म्हणाले, "लिहितो की. आम्ही पाहिलंच आहे. पण जिंकलं कोण, ते मला कळलं नाही."

"ते लिहू नका," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाईंच्या वहीच्या पानावर, गुडघ्यावर वही ठेवून लिहिले की, पौर्णिमेस सकाळी मुलींनी चेंडूचा खेळ प्रदक्षिणेच्या मंडळींसमोर शेवटपर्यंत खेळला, खेळ शिस्तीचा होता, आणि कुणाचीही वाट अडली नाही. मग खाली सही. शेवटचे वाक्य तितकेसे खरे नव्हते, पण ते त्यांचे होते.

श्रीवर्धनकरांच्या गाड्या साडेआठला आल्या. त्यांच्या कॅप्टनने समुद्राकडे पाहिले. "पाणी येणार हां," तो म्हणाला. कर्णिक म्हणाले, "अजून पुष्कळ लांब आहे. वरची वाळू भुसभुशीत, तिथं उडी मारता येणार नाही. चला, वेळ घालवू नका." आता गाव जमले होते, सगळे काठावर, मुलांसाठी आलेले. पहिला डाव श्रीवर्धनकरांनी घेतला. दुसरा कर्णिकांनी एकट्याने ओढून आणला. तसा खेळ मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. तिसऱ्यात आमची मुले पाच गुणांनी पुढे होती तेव्हा पहिली लाट मागच्या रेघेवरून आली आणि सरळ जाळीपर्यंत धावत गेली. हिराबायने सांगितले होते तशीच. कर्णिकांनी घोटाभर पाण्यातून दोनदा सर्व्हिस केली. तिसऱ्या वेळी चेंडू हातात घेऊन ते उभे राहिले, मग वळून त्यांनी श्रीवर्धनच्या कॅप्टनशी हात मिळवला. काठावर लोक हसत होते. कर्णिकांच्या बुटांतून पाणी वाहत होते. कॉलेजसाठी तो त्यांचा शेवटचा सामना होता, आणि तो ते ना हरले, ना जिंकले.

मी वासे उचलायला पाण्यात गेले. आणखी काय करणार होते?

प्रतिपदा. आगबोटीवर

श्रीवर्धनहून परत. वत्सला कठड्याशी, बाकीच्या गाठोड्यांसारख्या एकमेकींवर टेकलेल्या. बाई पत्र पोलक्यात ठेवून झोपल्या होत्या. कर्णिक आपले बूट उन्हात ठेवून माझ्यापासून हातभर अंतरावर बसले.

"त्या दिवशी खाडीवर एका कोळणीनं तुम्हाला भरतीचं गणित शिकवलं, असं वत्सलाबाई म्हणत होत्या," ते म्हणाले. "परवा ओटीवर तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

 हिराबायचे उत्तर माझ्या जिभेवर होते: तुम्ही विचारलं नाही. पण तिच्या तोंडी ते खरे होते, माझ्या तोंडी नसते.

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी खेळला असता," मी म्हणाले.

त्यांनी बूट उलटा करून त्यातली वाळू पाण्यात झाडली. नाकारतील असे मला वाटले. त्यांनी नीट विचार केला.

"असतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं." आणि दुसरा बूट घेतला.

मला क्षमा मागायची होती, पण कशाची ते वाक्य मला जुळवता आले नाही, इंग्रजीतही नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी पत्र दोनदा वाचले आणि मंगळवार-शुक्रवार पुढच्या वर्षापर्यंत राहू दिले. तट्टेही काढले. लोक येता-जाता पाहतात. मला अजून आवडत नाही, पण मी "माझा" म्हणते. प्रवासाचा शीण मात्र अजून गेलेला नाही. वळकटी झटकली की अजूनही वाळू पडते.

गेल्या आठवड्यात जाळी ठेवायला खेळांच्या खोलीत गेले. तिथे सेक्रेटरीची एक वही असते. जाणारा सेक्रेटरी पुढच्यासाठी तीत सूचना लिहून ठेवतो. चेंडूला तेल कधी द्यावे, जाळी कशी गुंडाळावी, अशा. कर्णिकांच्या अक्षरात शेवटी दोन ओळी नव्या होत्या. समुद्रकाठी सामना ठरवताना तिथी पाहावी, ही पहिली. तिच्यापुढे त्यांनी पाऊणपटीचा हिशेब उदाहरणासह दिला होता.

दुसरी ओळ अशी: मुलींचा सामना आधी ठेवावा. तिच्यापुढे काही नव्हते.